व्होल्ट आहे, दम नाही

मे महिन्यातल्या एका सकाळी स्कूटरने सेल्फ घेतला नाही. बटण दाबले की आतून एक ‘टक्’ आणि मग शांतता. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, मीटरवरचे आकडे स्वच्छ दिसत होते. या नव्या स्कूटरला किकही नाही. शेवटी ढकलत ढकलत बॅटरीच्या दुकानापर्यंत नेली. सोलापुरात मे महिन्यात सकाळी नऊ वाजता स्कूटर ढकलणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

दुकानातल्या पोराने मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे राहवले नाही. म्हणालो, “बॅटरी तर ठीक दिसतेय. सेल्फची मोटर बघ.” तो काही बोलला नाही. फळीवरून त्याने लोड टेस्टर काढला. एका डब्यात जाड तारेचे वेटोळे, वर काट्याचे मीटर, दोन दणकट चिमटे. चिमटे बॅटरीला लावले, खटका दाबला. वेटोळे तापल्याचा वास आला आणि काटा बारावरून घसरत सातापर्यंत आला. खटका सोडताच काटा पुन्हा बारावर.

“सर, व्होल्ट हाय की. दम नाही त्यात,” तो म्हणाला.

वर्गात अर्धा तास घेऊन मी जे सांगतो ते त्याने एका वाक्यात सांगितले. माझ्या बाबतीत त्याची किंमत एक नवी बॅटरी आणि कॉलेजला झालेला उशीर, एवढीच. पण हेच वाक्य रुग्णवाहिकेतल्या एका पेटीला आणि काही माणसांच्या छातीत बसवलेल्या एका चकतीलाही लागू होते. तिथे ‘दम नाही’ हे वेळेवर कळले नाही तर माणूस हातचा जातो. आजचा लेख त्या पेटीबद्दल आणि चकतीबद्दल आहे. पण आधी स्कूटर.

उजनी भरले, तरी नळ बारीक

बॅटरीत वीज किती साठली आहे आणि ती एका क्षणी किती देऊ शकते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सोलापूरकरांना हा फरक समजायला पुस्तक उघडावे लागत नाही. उजनी धरण काठोकाठ भरले तरी घरचा नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि येतो तोही करंगळीएवढ्या धारेने. धरणात पाणी कमी नसते, अडते ते वाटेत.

बॅटरीतली ही वाट म्हणजे तिचा अंतर्गत रोध. शिशाच्या पट्ट्या, त्यांवरचा लेप, मधले आम्ल, सांधे या सगळ्यांतून प्रवाह जाताना थोडा दाब आतच खर्च होतो. मागणी लहान असेल तर हे जाणवत नाही. इंडिकेटरचा दिवा एखादा अँपिअर मागतो, हॉर्न दोन-तीन. सेल्फची मोटर मात्र पहिल्या झटक्याला पन्नास अँपिअर किंवा त्याहून जास्त मागते. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध समजा ०.०३ ओहम आहे. ५० अँपिअरला आतच दीड व्होल्ट खर्च होतो, बाहेर अकरा उरतात, इंजिन फिरते. बॅटरी जुनी झाली, पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसला, की हाच रोध ०.१ ओहम होतो. मग त्याच ५० अँपिअरला पाच व्होल्ट आतच जातात आणि मोटरीच्या वाट्याला जेमतेम सात येतात. रिले ‘टक्’ करून थांबतो. साध्या मल्टिमीटरला यातले काहीच दिसत नाही, कारण तो बॅटरीकडून प्रवाह मागतच नाही. तुंबलेल्या नळाची तोटी बंद ठेवून दाब मोजला तर तो पुरेपूरच भरतो.

थोडा वेळ, पण प्रचंड प्रवाह मागणारी अशी उपकरणे आपल्या आसपास बरीच आहेत. मोटारीचा स्टार्टर, कॅमेऱ्याचा फ्लॅश, बॅटरी पॅक जोडायचे स्पॉट वेल्डिंग मशीन. या सगळ्यांत जिवाशी थेट गाठ असलेले उपकरण एकच: बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर.

वीस किलो ज्वारी आणि सत्तावीस माग

हृदयविकाराचा झटका आणि हृदय अचानक थांबणे, या दोन गोष्टी आपण बोलताना एकच करून टाकतो. पहिल्यात रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखतेय म्हणून सांगतो. दुसऱ्यात हृदयाची विजेची व्यवस्थाच कोलमडते. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते आणि म्हणूनच पहिले इतके धोक्याचे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेचा एक सूक्ष्म संकेत असतो. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत जातो आणि स्नायू एका तालात आकसतात. दिंडीत पखवाज आणि टाळ एका लयीत चालतात तसे. ताल बिघडला की प्रत्येक टाळकरी आपापल्या लयीने वाजवू लागतो. आवाज भरपूर, भजन शून्य. हृदयाची अशी अवस्था झाली की ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. काही सेकंदांत माणूस कोसळतो. झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक, छाती दाबण्याचे प्रथमोपचार झाले नाहीत तर, वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते.

डिफिब्रिलेटरचा झटका हृदयाला ‘सुरू’ करतो, असा सिनेमाने करून दिलेला समज आहे. खरे तर तो सगळ्या टाळकऱ्यांना एकदम थांबवतो. क्षणभर सारे गप्प होतात आणि मग हृदयाचा स्वतःचा ताल धरणारा भाग पुन्हा सुरुवात करू शकतो. सपाट रेषा दिसत असताना झटका देऊन उपयोग नसतो, तो याचमुळे. थांबवायला काही चालूच नसते.

सगळ्यांना एकदम थांबवायचे तर प्रवाह मोठा हवा आणि क्षणभराचाच हवा. मोठ्या माणसासाठी छातीवरून द्यायच्या झटक्याची ऊर्जा १५० ते २०० जूल असते, काही यंत्रांत ३६० पर्यंत जाते. २०० जूल म्हणजे किती? मंगळवेढ्याच्या ज्वारीची वीस किलोची पिशवी जमिनीवरून एक मीटर उचलायला लागते तेवढी. आपल्या खिशातल्या मोबाइलची ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हिशेबाने तिच्यात अशा जवळपास साडेतीनशे झटक्यांची ऊर्जा असते.

म्हणजे ऊर्जेचा तुटवडा नाहीच. अडचण वेळेची आहे. ही ऊर्जा सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात द्यायची असते. २०० जूल भागिले एक-शतांश सेकंद म्हणजे वीस हजार वॅट. एक अश्वशक्तीच्या मोटरीवर चालणारे सत्तावीस यंत्रमाग एकदम चालवायला लागेल एवढी शक्ती त्या क्षणी माणसाच्या छातीतून जाते. दाब दोन हजार व्होल्टच्या आसपास, प्रवाह वीस-तीस अँपिअर. मोबाइलच्या बॅटरीवर कितीही जबरदस्ती केली तरी ती शंभर-सव्वाशे वॅटच्या पुढे देऊ शकत नाही. धरण आहे, नळ बारीक आहे.

यावर उपाय तोच, जो सोलापुरातल्या प्रत्येक घरात केला जातो. नळाखाली बादली लावायची. धार बारीक असली तरी बादली भरतेच, आणि भरलेली बादली एका दमात उपडी करता येते.

विजेची ही बादली म्हणजे कपॅसिटर. पंख्यात असतो आणि आपण ज्याला कंडेन्सर म्हणतो, तो याच कुळातला. डिफिब्रिलेटरमध्ये बॅटरी थेट झटका देतच नाही. ती आपल्या कुवतीने, वीस-चाळीस वॅटने, आधी एक विद्युतमंडल चालवते. ते मंडल बारा व्होल्टचे दोन हजार व्होल्ट करते आणि पाच-दहा सेकंदांत कपॅसिटर भरते. यंत्र चार्ज होताना चढत जाणारा जो ‘कूंऽऽ’ असा सूर ऐकू येतो, तो बादली भरल्याचा आवाज. बटण दाबले की बादली उपडी.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. यूट्यूबवर पाहून कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा जुनी वैद्यकीय यंत्रे घरी उघडणारी हौशी मुले मी पाहिली आहेत. बॅटरी काढली म्हणजे धोका संपला, असे त्यांना वाटते. बॅटरी काढली तरी बादली भरलेली असू शकते. घरातल्या विजेचा अँपिअरचा दहावा भाग छातीतून गेला तरी हृदय थरथरायला पुरतो. वाचवणारा झटका आणि मारणारा झटका यांच्यातला फरक किती वेळ, किती प्रवाह आणि कोणत्या क्षणी यात आहे. तो हिशेब स्क्रूड्रायव्हर हातात धरून करायचा नसतो.

मोटारीच्या दोन बॅटऱ्या

झटक्याने माणसाचे हृदय पूर्ववत करण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड इथे डॉ. क्लॉड बेक यांनी एका चौदा वर्षांच्या मुलावर केला. शस्त्रक्रियेत छाती उघडलेली असताना, भिंतीतल्या विजेवर. नंतर छाती न उघडता बाहेरून झटका देणे जमले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी भिंतीतली वीज सरळ वापरण्याऐवजी कपॅसिटरमधून झटका देण्याची पद्धत रुळवली. ती अधिक सुरक्षित ठरली. तरीही यंत्र भिंतीला बांधलेलेच होते. रुग्णाने यंत्राकडे यायचे, यंत्राने रुग्णाकडे जायचे नाही.

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांना हे पटत नव्हते. माणसे तर रुग्णालयात पोचण्याआधीच मरत होती. १९६५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णवाहिकेत नेता येईल असे डिफिब्रिलेटर तयार केले. वीज कुठून घेतली? मोटारीच्या दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून. यंत्राचे वजन होते ७० किलो. लहान कपॅसिटर मिळू लागल्यावर तीनच वर्षांत ते तीन किलोंपर्यंत उतरले. माझी स्कूटर जिने दगा दिला, त्याच शिसे आणि आम्लाच्या बॅटरीच्या कुळातून आजची रुग्णवाहिकेतली पेटी आली आहे, हे मला त्या दिवशी दुकानाच्या बाकावर बसल्या बसल्या आठवले.

आपल्याकडे महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांनी. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या, म्हणजे डिफिब्रिलेटर असलेल्या. आषाढीला लाखो माणसे पायी पंढरपूरला येतात. त्यांत साठी-सत्तरीचे, रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत असलेले पुष्कळ असतात. त्या वाटेवर भिंतीचा प्लग कुठून मिळणार? बॅटरीवर चालणारी पेटी हाच आधार.

छातीतली चकती

आता आणखी लहान जागेत जाऊ. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या छातीत ‘मशीन’ बसवले आहे. घरचे सगळे त्याला पेसमेकर म्हणतात. तो पेसमेकर नाही, आयसीडी आहे, म्हणजे आत बसवलेला डिफिब्रिलेटर. फरक नावापुरता नाही. बॅटरीच्या दृष्टीने तर दोघे दोन टोकांना आहेत.

पेसमेकर मंद झालेल्या हृदयाला ठोक्यागणिक हलकीशी टिचकी मारतो. त्याला सरासरी अँपिअरच्या काही दशलक्षांश भागांएवढाच प्रवाह लागतो, पण वर्षानुवर्षे. १९७२पासून वापरात आलेली लिथियम-आयोडीन बॅटरी या कामाला फार उत्तम ठरली. तिचा अंतर्गत रोध हजारो ओहम असतो. तिच्यावर स्कूटरचा इंडिकेटरही लागणार नाही. पण थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या ठिबक सिंचनासारखी ती वर्षे काढते.

आयसीडीला ही बॅटरी चालत नाही. तो वर्षभर नुसता पाहत बसतो आणि एखाद्या रात्री, हृदय थरथरू लागले की, आठ-दहा सेकंदांत आठशे व्होल्टच्या आसपासचा कपॅसिटर भरून ३५-४० जूलचा झटका देतो. इथे झटका थेट हृदयापाशी बसतो, म्हणून ऊर्जा कमी पुरते. तरीही त्या आठ-दहा सेकंदांत तीन व्होल्टच्या इवल्याशा बॅटरीला दोन-तीन अँपिअर द्यावे लागतात. वर्षानुवर्षे झोपून राहायचे आणि हाक आल्याबरोबर धावत सुटायचे, असे हे काम.

मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांच्या कल्पनेतून आलेला पहिला आयसीडी १९८० साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवला गेला. तो एवढा मोठा होता की पोटात बसवावा लागे आणि त्याची बॅटरी फार वर्षे टिकत नसे. तो सर्वसामान्य उपचार होण्यासाठी बॅटरीचे रसायनच बदलावे लागले. लिथियमच्या जोडीला चांदी आणि व्हॅनेडियमचे ऑक्साइड वापरणारी बॅटरी या कामासाठी घडवण्यात एस्थर ताकेउची या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा वाटा मोठा आहे. तिची दोन वैशिष्ट्ये. एक, मागितल्यावर ती खरोखर अँपिअरमध्ये प्रवाह देते. दुसरे, संपत येताना तिचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने खाली येतो, त्यामुळे ‘आता किती उरली’ हे डॉक्टरांना बाहेरून कळते. या कामासाठी २००९ साली ताकेउचींना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. मोबाइलचा शोध कोणी लावला हे पाठ असणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव सहसा ठाऊक नसते. पाठ्यपुस्तकवाल्यांनी एखादी चौकट द्यायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी आयसीडी बसवलेले माणूस आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. ही बॅटरी बाहेरून चार्ज होत नाही. ती सीलबंद डबीचाच भाग असते, म्हणून संपत आली की छोटी शस्त्रक्रिया करून पूर्ण डबीच बदलतात. हृदयात गेलेल्या तारा बहुतेक वेळा त्याच राहतात. साधारण पाच ते दहा वर्षांत ही वेळ येते. झटके जास्त बसले तर लवकर, कारण एकेका झटक्याने बॅटरीच्या आयुष्यातून काही आठवडे वजा होतात. ठरलेल्या तपासणीला डॉक्टर छातीवर एक यंत्र धरून बॅटरीचा व्होल्टेज आणि कपॅसिटर भरायला लागलेला वेळ पाहतात. हा दुसरा आकडा म्हणजे दुकानातल्या त्या पोराचा लोड टेस्टर. ‘काही त्रास नाही, मग कशाला पुण्याला जायचे’ म्हणून तपासणी टाळणारे खूप असतात. त्रास होईपर्यंत ही बॅटरी काही बोलतच नाही असे मात्र नाही. काही उपकरणे ठरावीक वेळी बारीक बीप करतात, काही छातीत थरथरतात. आमच्या काकांचे मशीन आठवडाभर रोज सकाळी वाजत होते आणि घरचे स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल बदलत बसले होते! सुदैवाने बदलायची वेळ आल्याची सूचना मिळाल्यानंतरही साधारण तीन महिन्यांची शिल्लक राखलेली असते. तेवढ्यात काकांचे काम झाले.

आणखी एक गोष्ट. ती बोलायला जड वाटते, पण आपल्याकडे ती सांगितलीच पाहिजे. पेसमेकर किंवा आयसीडी असलेल्या व्यक्तीचे निधन झाले तर दहनापूर्वी डॉक्टरांना सांगून तो काढून घ्यावा लागतो. आगीत त्यातील सीलबंद बॅटरी फुटते आणि जवळ उभ्या असलेल्यांना इजा होऊ शकते. त्या घाईत कुणाला आठवत नाही. कुटुंबातल्या एखाद्या जाणत्या माणसाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

हिरवा दिवा काय सांगतो

विमानतळ, मॉल, मोठी कार्यालये, जिम अशा ठिकाणी भिंतीवर काचेच्या कपाटात आता एईडी दिसू लागले आहेत. एईडी म्हणजे सामान्य माणसालाही वापरता येईल असा, बोलून सूचना देणारा डिफिब्रिलेटर. छातीवर पट्ट्या चिकटवायच्या. झटका द्यायचा की नाही हे यंत्रच ठरवते. यातील बॅटरी बहुधा चार्ज न होणारी लिथियमची असते आणि वापर झाला नाही तर चार-पाच वर्षे टिकते. यंत्र रोज किंवा आठवड्याला स्वतःची चाचणी घेते आणि सगळे ठीक असेल तर हिरवी खूण दाखवते.

गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेत व्याख्यानाला गेलो होतो. जिन्याजवळ एईडी होता. खूण लाल होती आणि थोड्या थोड्या वेळाने ‘चिक्’ असा आवाज येत होता. मी चौकशी केली. पहारेकरी म्हणाला, “ते कधीचं वाजतंय सर, आता सवय झाली.” कपाट पश्चिमेच्या काचेला लागून होते. दुपारी तीननंतर त्यावर थेट ऊन येत असणार.

सोलापूरकरांनी इथे जरा थांबावे. बॅटरीचे आयुष्य कंपनी सांगते ते साधारण पंचवीस अंशांच्या आसपासचे असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत तो साठीही ओलांडतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. गंमत अशी, की गरम बॅटरी त्या घडीला जोरात चालते, कारण उष्णतेने अंतर्गत रोध कमी होतो. म्हणून उन्हाळ्यात बिघडत गेलेली गाडीची बॅटरी डिसेंबरातल्या पहिल्या थंड सकाळी उघडी पडते. एईडीच्या बाबतीत उष्णतेने आणखी एक नुकसान होते. चिकटपट्ट्यांवरचा ओलसर जेल वाळतो. मग यंत्र कितीही दमदार असो, वीज छातीत नीट शिरत नाही. या पट्ट्यांची मुदत साधारण दोन वर्षांचीच असते आणि ती पाकिटावर छापलेली असते.

रुग्णालयांची गोष्ट निराळी. तिथली यंत्रे चार्ज होणाऱ्या बॅटरीची असतात आणि ट्रॉलीवर कायम प्लगला लावून ठेवायची असतात. पण आपल्या बोर्डावर प्रत्येक प्लगला बटण असते. परदेशी कंपनीच्या माहितीपुस्तकात या बटणाचा विचार असेलच असे नाही. एका रुग्णालयात नातेवाइकाची सोबत करत असताना मी पाहिले. यंत्राचा प्लग जागेवर होता, बटण मात्र बंद. शेजारी कोणाचा तरी मोबाइल चार्ज होत होता. परिचारिकेला सांगितल्यावर तिने तत्काळ बटण चालू केले आणि त्यावर चिकटपट्टी लावली. असे काही दिवस राहिले की यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, हृदयाची रेषा दिसते. हे सगळे थोडक्या प्रवाहाचे काम. चार्जचे बटण दाबल्यावर मात्र सहा सेकंदांच्या जागी वीस सेकंद जातात, किंवा यंत्र मान टाकते. स्कूटरचे दिवे लागतात, सेल्फ घेत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच रोज सकाळी यंत्र प्लग काढून, केवळ बॅटरीवर, आतल्या चाचणी-रोधात एक झटका देऊन पाहायची शिस्त आहे. नुसता पडदा उजळला म्हणून वहीत सही करणे म्हणजे मल्टिमीटरवर विसंबणे.

बॅटरीचे हे नखरे पाहून पुण्यातल्या दोन अभियंत्यांनी प्रश्नच उलटा केला. नळ नेहमी चालू राहील याची खात्री नसेल तर बादली हाताने का भरू नये? आशिष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे यांच्या जीवट्रॉनिक्स या कंपनीने ‘सन्मित्र’ हा डिफिब्रिलेटर तयार केला. तो भिंतीतल्या विजेवर चालतो, आणि वीज नसेल तर दांडा हाताने फिरवून. हिशेब करून पाहा. २०० जूल दहा-बारा सेकंदांत भरायचे म्हणजे वीसेक वॅट, वाटेतली गळती धरून तीस-चाळीस. निरोगी माणूस तेवढा वेळ हाताने एवढी शक्ती सहज काढतो. विहिरीवरचा रहाट ओढलेल्या पिढीला यात काहीच नवल वाटणार नाही. ग्रामीण आरोग्य केंद्रात दर काही वर्षांनी हजारो रुपयांची बॅटरी बदलण्याचा खर्च आणि ती न बदलल्याने पडून राहणारे यंत्र, हे दोन्ही यात टळते. माझ्या मते रुग्णवाहिकेत बॅटरीला पर्याय नाही, पण वीज जाणाऱ्या गावातल्या दवाखान्यात दांडा जास्त भरवशाचा.

कोणी समोर कोसळले आणि हाक मारूनही प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. एईडी जवळ असेल तर दुसऱ्याने तो आणावा. पट्ट्या लावल्यावर यंत्र सांगेल तेव्हाच हात काढायचे. झटका बसला की लगेच पुन्हा दाबायला लागायचे.

त्या संस्थेतले एईडी आता जिन्याच्या सावलीतल्या भिंतीवर आहे. बॅटरी आणि पट्ट्या नव्या आहेत आणि कपाटाच्या दारावर दोन्हींची मुदत स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. परवा गेलो होतो तेव्हा पहारेकऱ्याची वही पाहिली. रोज सकाळी पाण्याच्या टँकरच्या नोंदीच्या खाली त्याने एक ओळ वाढवली आहे: ‘हार्टचे मशीन, हिरवे.’ आणि पुढे सही.